चोवीस सेकंद आणि सहा फाउल : एनबीएचा १९५४-५५चा हंगाम

२२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत मिनियापोलिस शहरात बास्केटबॉलचा एक सामना झाला. फोर्ट वेन पिस्टन्सने यजमान मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं. ही पहिल्या क्वार्टरची, म्हणजे पहिल्या बारा मिनिटांची, गुणसंख्या नाही, ४८ मिनिटांच्या पूर्ण सामन्याची आहे. दोन्ही संघांनी मिळून आठ बास्केट केल्या, प्रत्येकी चार. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या जॉर्ज मायकनचे होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये पिस्टन्सने तीन गुण केले आणि लेकर्सने एक. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, इतिहासात याहून कमी गुणांचा सामना झालेला नाही.

आता मुंबईत या. ४ ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम. एनबीएचा भारतातला पहिला सामना, हंगामपूर्व असला तरी खेळणारे खरेखुरे एनबीएचे संघ. इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्सला जादा वेळेत १३२-१३१ असं हरवलं. विजयाचा फरक तोच, एका गुणाचा. बास्केटची उंचीही तीच, दहा फूट. मधल्या काळात खेळाडूंची ताकद आणि नेमबाजी वाढली, १९७९मध्ये एनबीएत तीन गुणांची रेषा आली (तिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण), हे सगळं खरं. पण या प्रवासातली खरी उडी एकाच उन्हाळ्यात, १९५४मध्ये, घेतली गेली. १९५३-५४च्या हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरी ७९.५ गुण करत होता. पुढच्याच हंगामात ही सरासरी ९३.१ झाली. चेंडू, कोर्ट आणि बहुतेक खेळाडू तेच होते. नियम बदलले होते.

या हंगामाबद्दल थोडंफार वाचलेल्या कुणालाही विचारा, उत्तर येतं ‘शॉट क्लॉक’. चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत शॉट मारायचा, नाही तर चेंडू समोरच्या संघाला. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. त्याच वर्षी फाउलचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नियमबाह्यपणे अडवण्याचा, एक नियमही बदलला होता आणि त्याच्याशिवाय घड्याळाचं काम पूर्ण झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही नियम एकत्र पाहिले तरच हा हंगाम कळतो. त्यासाठी आधीचा खेळ कुठे अडला होता, ते पाहू.

चेंडू धरून बसण्यात काय शहाणपण होतं?

१९-१८चा सामना वाचून पिस्टन्सचा राग येणं साहजिक आहे. त्या रात्रीच्या प्रेक्षकांनाही आला होता, त्यांनी आरडाओरडा करून तो दाखवला. पण पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडेनहॉल यांच्या जागी उभं राहून बघा. समोर लेकर्स, घरच्या मैदानावर सलग २९ सामने जिंकलेले. त्यांच्याकडे सहा फूट दहा इंचांचा मायकन, तेव्हाच्या बास्केटबॉलमधला सगळ्यांत प्रबळ खेळाडू. त्याला आवरता यावं म्हणून पुढे लीगने बास्केटखालची तीन सेकंदांची पट्टी (आक्रमण करणाऱ्या खेळाडूला जिथे सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही ती जागा) सहा फुटांवरून बारा फूट रुंद केली. अशा संघाशी नेहमीसारखं खेळलं तर हार जवळपास ठरलेली. मात्र चेंडूच त्याच्या हाती लागू दिला नाही तर? नियमांत एवढंच होतं की दहा सेकंदांत चेंडू मधली रेषा ओलांडून पुढच्या अर्ध्या कोर्टात न्यायचा. तिथे पोचल्यावर शॉट कधी मारायचा, यावर कसलंच बंधन नव्हतं. मग खेळाडू चेंडू एकमेकांना देत राहिले, मध्येच नुसता कवटाळून उभे राहिले. अगदी शेवटच्या क्षणांत लॅरी फाउस्टने बास्केट केली आणि सामना जिंकला. नियम एकही मोडला नव्हता.

अडचण नेमकी इथेच होती. जिंकायची इच्छा असलेल्या कोणत्याही शहाण्या प्रशिक्षकाने हेच केलं असतं. १९-१८ हे टोकाचं उदाहरण, पण आघाडी घेतलेला संघ शेवटच्या क्वार्टरमध्ये चेंडू धरून बसतो, हे रोजचंच झालं होतं. ६ जानेवारी १९५१ रोजी इंडियानापोलिस ऑलिम्पियन्स आणि रॉचेस्टर रॉयल्स यांच्यात बरोबरी सुटेना म्हणून सहा जादा डाव खेळवावे लागले. एनबीएच्या इतिहासातला हा सगळ्यांत लांबलेला सामना. ऐकायला थरारक वाटतो. प्रत्यक्षात जादा वेळेत चेंडू ज्याच्या हाती यायचा तो संघ अखेरच्या एका शॉटची वाट बघत वेळ काढायचा. सहा जादा डावांनंतर निकाल लागला ७५-७३.

कबड्डी पाहणाऱ्यांना हा पेच समजावून सांगायची गरज नाही. आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू रेषेजवळ घुटमळून दम संपायच्या आत परत येतो आणि वेळ खातो. प्रो कबड्डीने त्यावर दोन उपाय केले. चढाई ३० सेकंदांची ठरवली आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ केली, म्हणजे गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. नीट पाहिलं तर ३० सेकंदांनी चढाईची लांबी बांधली गेली. रिकाम्या चढाईचा मोह मोडला तो तिसऱ्या चढाईच्या नियमाने. तिथेही दोन नियमांची जोडीच लागली.

एक गुण द्या, दोन मिळवा

समजा, ‘अ’ संघ चार गुणांनी पुढे आहे आणि चेंडू धरून बसला आहे. ‘ब’ संघाकडे चेंडू मिळवायचा कोणता मार्ग उरतो? मुद्दाम फाउल करायचा. त्या काळी साध्या फाउलची शिक्षा एक फ्री थ्रो होती, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून, कुणी न अडवता मारायचा एका गुणाचा शॉट. तो यशस्वी झाला तरी ‘अ’ला मिळणार एकच गुण. त्यानंतर चेंडू ‘ब’कडे, आणि ‘ब’ला बास्केट करून दोन गुण मिळवायची संधी. एक देऊन दोन घ्यायचे. असा व्यवहार चार वेळा जमला की चार गुणांची पिछाडी भरून निघते.

पण ‘अ’ संघालाही हिशेब कळतोच. ‘ब’ बास्केट करायला निघाला की ‘अ’ही फाउल करणार, म्हणजे दोनऐवजी एकच गुण द्यावा लागेल. आता दोन्हीकडून फाउल सुरू. शिट्टी, फ्री थ्रो, पुन्हा शिट्टी, पुन्हा फ्री थ्रो. बारा मिनिटांचा शेवटचा क्वार्टर संपता संपत नसे.

हे किती टोकाला जायचं, ते २१ मार्च १९५३च्या सामन्यात दिसतं. बॉस्टन सेल्टिक्स आणि सिराक्यूज नॅशनल्स यांच्यातला प्लेऑफचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना चार जादा डावांपर्यंत गेला आणि बॉस्टनने १११-१०५ असा जिंकला. दोन्ही संघांचे मिळून शंभरावर फाउल झाले. बॉस्टनच्या बॉब कुझीने ५० गुण केले, ही कामगिरी आजही कौतुकाने सांगितली जाते. पण त्या पन्नासातले ३० गुण फ्री थ्रोचे होते, ३२ पैकी ३०. कुझीच्या नेमाचं कौतुक करावं तेवढं थोडं. मात्र चेंडू पाठीमागून फिरवणारा, न बघता पास देणारा हा जादूगार ज्या खेळासाठी लोकांना आवडायचा, तो खेळ त्या दिवशी बराच वेळ फ्री थ्रोच्या रेषेपाशी थांबून होता.

लीग हातावर हात ठेवून बसली नव्हती. शेवटच्या काही मिनिटांत फ्री थ्रो यशस्वी झाल्यावर चेंडू थेट न देता दोन खेळाडूंमध्ये उडवायचा, म्हणजे जंप बॉल घ्यायचा, असाही प्रयोग करून पाहिला. त्यातून फाउल करणाऱ्याला चेंडू मिळायची खात्री संपेल, अशी अपेक्षा होती. पण जंप बॉल म्हटला की उंच खेळाडूचा फायदा, आणि फाउल कुणी करायचा हे तर संघच ठरवणार. अशा ठिगळांनी काम होत नव्हतं, कारण चेंडू धरून ठेवणं अजूनही फायद्याचंच होतं.

बोलिंग सेंटरच्या मालकाचं गणित

सिराक्यूज हे न्यूयॉर्क राज्यातलं मध्यम आकाराचं शहर. तिथल्या नॅशनल्स संघाचे मालक डॅनी बियासोन. जन्म इटलीतला, लहानपणी कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले. सिराक्यूजमध्ये त्यांचं बोलिंग सेंटर होतं आणि १९४६मध्ये त्यांनी पाच हजार डॉलर भरून बास्केटबॉलचा संघ उभा केला. लीगमधले काही मालक मोठ्या स्टेडियमचे धनी होते, पिस्टन्सचे फ्रेड झोलनर तर इंजिनांचे पिस्टन बनवणारे कारखानदार. बियासोन यांचं सगळं तिकीटविक्रीवर. लोक कंटाळून घरी जाऊ लागले तर सर्वांत आधी बुडणार ते सिराक्यूजसारख्या लहान गावातले संघ. त्यामुळे कंटाळवाण्या खेळाची चिंता त्यांना इतरांहून जास्त असणार, हे उघड आहे.

बियासोन आणि त्यांच्या संघाचे जनरल मॅनेजर लिओ फेरिस यांनी शॉटसाठी वेळेची मर्यादा मांडली. श्रेय कुणाचं किती, यावर सिराक्यूजमध्ये आजही चर्चा होते. आकड्यांची जुळणी फेरिस यांची, असं मानणारे बरेच आहेत. गणित मात्र शाळकरी मुलालाही जमेल असं आहे. जे सामने बघताना मजा आली, त्यांची गुणपत्रकं काढली. अशा सामन्यांत प्रत्येक संघ साधारण ६० शॉट मारतो, म्हणजे दोन्ही मिळून १२०. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. २८८० भागिले १२०, उत्तर २४.

मला या गणितातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती अशी. रंगलेल्या सामन्याची जी सरासरी होती, तिलाच त्यांनी कमाल मर्यादा केलं. प्रत्येक वेळी कुणी पूर्ण २४ सेकंद वापरत नाही. कधी फास्ट ब्रेकवर, म्हणजे बचाव सावरायच्या आत केलेल्या धावत्या हल्ल्यात, पाच सेकंदांत बास्केट होते, कधी दहाव्या सेकंदाला जागा सापडते. तेव्हा मर्यादाच सरासरीवर ठेवली की प्रत्यक्ष खेळ त्याहून वेगवान होणारच. तरीही २४ सेकंद इतके थोडे नाहीत की खेळाडूने घाबरून चेंडू भिरकावून द्यावा. दोन-तीन पास, एखादा स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवून उभं राहणं), त्यातून मोकळी झालेली जागा, एवढं सगळं त्यात बसतं.

एप्रिल १९५४मध्ये मालकांनी नियम मान्य केला. १० ऑगस्टला सिराक्यूजच्या एका व्होकेशनल हायस्कूलच्या जिममध्ये बियासोन यांनी तो प्रत्यक्ष खेळून दाखवला. सुरुवातीला खेळाडू घाईघाईने शॉट मारत होते, जणू घड्याळ पाठीशी लागलंय. २४ सेकंद पुरेसे आहेत, सावकाश घ्या, असं त्यांना सांगावं लागलं. थोड्या वेळात अंदाज आला आणि खेळ मोकळा झाला.

घड्याळाला जोडीदार का लागला?

नुसतं घड्याळ आणलं असतं तर काय झालं असतं? चेंडू धरून बसणं थांबलं असतं, हे नक्की. पण बचाव करणाऱ्या संघासाठी फाउल तेवढाच स्वस्त राहिला असता. उलट आता समोरचा संघ दर वेळी बास्केटवर चाल करून येणार, म्हणजे त्याला रोखायला फाउल करण्याचा मोह वाढलाच असता.

हा मोह आकड्यांत मोजता येतो. त्या हंगामात शंभर शॉटमागे अडतीसच्या आसपास बास्केट होत होत्या. प्रत्येक बास्केटचे दोन गुण, म्हणजे एका शॉटची सरासरी किंमत साधारण ०.७६ गुण. (रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू, आणि हातून निसटलेले चेंडू सोयीसाठी बाजूला ठेवू.) फ्री थ्रो शंभरातले सत्तर ते पंचाहत्तर जात होते, म्हणजे एका फ्री थ्रोची किंमत ०.७ ते ०.७५ गुण. दोन्ही आकडे जवळपास सारखे! एक फाउल करून तुम्ही समोरच्याला एका शॉटपेक्षा जराही जास्त देत नाही. शिवाय तो फ्री थ्रोमध्ये दोन गुण कधीच मिळवू शकत नाही आणि चेंडू तुमच्याकडे येतो. मग शिस्तीत बचाव करायचे कष्ट कुणी का घ्यावेत?

१९५४-५५मध्ये या व्यवहाराचा भाव बदलला. प्रत्येक संघाला एका क्वार्टरमध्ये सहा फाउलांची मुभा. त्यापुढच्या प्रत्येक फाउलला विरोधी संघाला एक जादा फ्री थ्रो. म्हणजे जिथे एक मिळायचा तिथे दोन, आणि किंमत ०.७ वरून थेट १.४ ते १.५ गुण. एका साध्या शॉटच्या जवळपास दुप्पट. मुद्दाम फाउल करणं आता तोट्याचं झालं. फाउलवर बंदी कुणीच घातली नाही. कितीही करा, फक्त सातव्यापासून महाग पडेल.

घड्याळाने चेंडू असलेल्या संघाला खेळायला लावलं आणि फाउलच्या मर्यादेने चेंडू नसलेल्या संघाला. पहिला नियम कोर्टाशेजारी उभा राहून सेकंद मोजत असतो, सगळ्यांना दिसतो. दुसरा गुणलेखकाच्या वहीत राहतो. म्हणूनच त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रत्यक्ष हंगाम

३० ऑक्टोबर १९५४ रोजी शॉट क्लॉकसह पहिला सामना झाला. रॉचेस्टर रॉयल्सने बॉस्टन सेल्टिक्सवर ९८-९५ असा विजय मिळवला. सहा जादा डाव खेळूनही ७३ गुणांवर थांबलेला तो हाच रॉयल्स संघ. (आणि वरळीत खेळलेले सॅक्रामेंटो किंग्स म्हणजेही हेच रॉयल्स. रॉचेस्टरहून सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी आणि अखेर सॅक्रामेंटो, असा त्यांचा प्रवास झाला.)

पण नियम चांगला आहे म्हणून लगेच पैसा येत नाही. हंगाम नऊ संघांनी सुरू झाला आणि महिन्याभरात आठ उरले. १९४८मध्ये विजेता ठरलेल्या बाल्टिमोर बुलेट्सने २७ नोव्हेंबरला गाशा गुंडाळला. तोवर त्यांनी १४ सामन्यांत तीन जिंकले, अकरा हरले. त्यांचे निकाल हंगामाच्या गुणतक्त्यातून काढून टाकण्यात आले. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, सर्वांत आधी निवडला गेलेला फ्रँक सेल्वी त्यांच्याकडेच होता. महाविद्यालयीन सामन्यात एकट्याने १०० गुण केलेला हा तरुण मिलवॉकी हॉक्सकडे गेला. त्याच मिलवॉकीत बॉब पेटिटही नवा होता, आणि हंगामातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

लेकर्सची सद्दी संपली. मागच्या सहा वर्षांत पाच विजेतेपदं मिळवून देणारा मायकन हंगामाआधीच निवृत्त झाला होता. संथपणे वर येऊन मायकनला चेंडू पुरवायचा, ही त्यांची पद्धत नव्या नियमांत कितपत चालली असती, कोण जाणे. त्याच्याविनाही ४० सामने जिंकून ते पश्चिम विभागात दुसरे आले, पण प्लेऑफमध्ये पिस्टन्सने त्यांना बाहेर काढलं.

नव्या वेगाचा सगळ्यांत जास्त आनंद लुटला तो बॉस्टनने. प्रशिक्षक रेड आउरबॅक यांना पळता खेळ आवडायचा आणि कुझीसारखा चेंडूचा जाणकार हाताशी होता. सामन्यामागे १०१.४ गुण! सरासरी शंभरावर नेणारा हा एनबीएतला पहिला संघ. मात्र नियमित हंगामात त्यांची कामगिरी राहिली ३६ विजय, ३६ पराभव. करत होते तितकेच गुण देतही होते.

अव्वल ठरलेले दोन संघ वेगळ्याच घडणीचे होते. पूर्वेत सिराक्यूज आणि पश्चिमेत फोर्ट वेन, दोघांचेही ४३ विजय, २९ पराभव. दोघांचाही भर बचावावर. इथे घड्याळाची दुसरी बाजू दिसते, जी मला फार मोलाची वाटते. शॉट क्लॉक म्हणजे आक्रमणाला मोकळं रान, असा एक समज आहे. पण २४ सेकंद चिवटपणे अडवून धरलं तर समोरच्याला घाईचा, वाकडातिकडा शॉट मारावाच लागतो. पूर्वी चांगल्या बचावाला काही फळच नव्हतं, कारण समोरचा संघ पाहिजे तितका वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करू शकत होता. आता बचावाच्या कष्टांना शेवट आला, आणि शेवटी बक्षीसही.

सिराक्यूजचा आधारस्तंभ होता डॉल्फ शेज. उंची सहा फूट आठ इंच, तरीही लांबून दोन्ही हातांनी उंच कमान काढत शॉट मारणारा, फ्री थ्रोला पक्का. सोबत पॉल सेमूर आणि जॉर्ज किंग हे गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारे), नवखा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) रेड केर आणि अर्ल लॉईड. लॉईडची ओळख वेगळी सांगायला हवी. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून उतरलेला लॉईड एनबीएत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. या हंगामात तो आणि जिम टकर एकाच संघात होते.

सतरा गुणांची पिछाडी

अंतिम मालिका सात सामन्यांपर्यंत गेली. पहिले दोन सिराक्यूजने आपल्या घरी जिंकले. पुढचे तीन पिस्टन्सच्या यजमानपदाखाली, पण फोर्ट वेनमध्ये नाही. तिथलं स्टेडियम बोलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी आधीच दिलेलं होतं, म्हणून सामने इंडियानापोलिसला हलवावे लागले. राष्ट्रीय लीगच्या अंतिम फेरीला स्वतःच्या गावात जागा मिळत नाही, एवढ्यावरून बास्केटबॉलचं तेव्हाचं स्थान समजावं. पिस्टन्सने ते तिन्ही सामने जिंकले. त्यांचे प्रशिक्षक चार्ली एकमन आदल्या हंगामापर्यंत पंच म्हणून काम करत होते, आणि आता विजेतेपद एका विजयावर आलं होतं. सहावा सामना सिराक्यूजमध्ये परतला आणि नॅशनल्सने १०९-१०४ असा घेतला.

१० एप्रिल १९५५, सिराक्यूजचं ओनोंडागा काउंटी वॉर मेमोरियल. सातवा सामना. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पिस्टन्स ४१-२४ असे पुढे, म्हणजे सतरा गुणांची आघाडी. वर्षभरापूर्वीचे नियम असते तर? पिस्टन्सने चेंडू धरला असता, नॅशनल्सनी फाउल केले असते, आणि उरलेला सामना फ्री थ्रोच्या रेषेवर रखडला असता. पाच वर्षांपूर्वी मिनियापोलिसमध्ये चेंडू धरून जिंकलेला संघ हाच होता, आणि त्या रात्रीची निर्णायक बास्केट करणारा फाउस्ट अजूनही त्यांच्याच संघात होता. पण आता दर २४ सेकंदांना शॉट मारणं भाग होतं. प्रत्येक चुकलेल्या शॉटनंतर सिराक्यूजला संधी मिळत गेली आणि अंतर आटत गेलं.

अखेरच्या मिनिटात पिस्टन्सच्या जॉर्ज यार्डलीने फ्री थ्रोवर ९१-९१ अशी बरोबरी साधली. १२ सेकंद शिल्लक असताना किंगला दोन फ्री थ्रो मिळाले. एक गेला, ९२-९१. पिस्टन्स चेंडू घेऊन निघाले, आणि त्याच किंगने अँडी फिलिपच्या हातून चेंडू काढून घेतला. १९५० आणि १९५४ अशा दोन अंतिम फेऱ्या लेकर्सकडून हरलेल्या सिराक्यूजला अखेर विजेतेपद मिळालं. एनबीए जिंकणाऱ्या संघातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून लॉईड आणि टकर यांची नोंद झाली.

ज्या मालकाने घड्याळ आणलं, त्याच्याच संघाने घड्याळाच्या पहिल्या हंगामात सतरा गुणांची पिछाडी भरून काढावी! नियम स्वतःच्या फायद्यासाठी केला, असा संशय इथे कुणी घेतला तर तो टिकणार नाही. घड्याळ दोन्ही संघांना सारखंच लागू होतं, आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याच घड्याळाखाली पिस्टन्स वरचढ होते.

पुढे काय झालं, आणि काय उरलं

गुणांची सरासरी चढतच गेली. १९५७-५८मध्ये ती शंभराच्या पुढे गेली आणि १९६१-६२मध्ये ११८.८पर्यंत पोचली. जगभरातल्या बास्केटबॉलचं नियमन करणाऱ्या फिबाने १९५६मध्ये ३० सेकंदांचा नियम स्वीकारला आणि २०००मध्ये तो २४ सेकंदांवर आणला. नागपाड्याच्या कोर्टवर किंवा नागपूरच्या एखाद्या स्पर्धेत दिसणारे २४ सेकंद या वाटेने आपल्याकडे आले. अमेरिकेतल्या पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलला मात्र देशभर घड्याळ लावायला १९८५ उजाडलं, आणि तेही ४५ सेकंदांचं. आज तिथे ३० सेकंद आहेत.

खेळ वाढला तशी लीग मोठ्या शहरांकडे सरकली. हॉक्स सेंट लुइसला, पिस्टन्स डेट्रॉइटला, रॉयल्स सिनसिनाटीला, लेकर्स लॉस एंजेलिसला, वॉरियर्स फिलाडेल्फिया सोडून सॅन फ्रान्सिस्कोला. १९६३मध्ये बियासोन यांनीही संघ विकला. नॅशनल्स फिलाडेल्फियाला जाऊन सेव्हन्टीसिक्सर्स झाले. १९५४-५५च्या आठ संघांपैकी आज आपल्या जागी आहेत ते फक्त बॉस्टन आणि न्यूयॉर्क. एनबीएचा संघ सिराक्यूजमध्ये नंतर कधीच परतला नाही, याचं वाईट वाटतं. तिथल्या आर्मरी स्क्वेअरमध्ये २००५पासून त्या जुन्या घड्याळाची चालती प्रतिकृती उभी आहे. बियासोन १९९२मध्ये वारले. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव २०००मध्ये आलं.

एक गोष्ट राहिली, कारण नवा प्रेक्षक हमखास विचारतो : एवढं सगळं केलं, तर आजही शेवटच्या मिनिटात मुद्दाम फाउल का होतात? कारण २४ सेकंद सामन्याच्या घड्याळात बसत असतील तोवरच नियम चालतो. सामना संपायला २० सेकंद उरले आणि चेंडू आघाडीवरच्या संघाकडे असला की त्याला शॉट मारायची सक्ती उरत नाही, तो १९५०सारखा चेंडू धरू शकतो. मागे पडलेल्या संघाकडे तेव्हा फाउल हाच मार्ग असतो. दोन फ्री थ्रो द्यावे लागतात, महाग पडतं, पण चेंडू मिळतो.

याच हिशेबातून प्रत्येक क्वार्टरच्या शेवटी एक डाव खेळला जातो. घड्याळात साधारण ३५ सेकंद असताना चेंडू हाती आला की शहाणा गार्ड झटपट शॉट मारून टाकतो. मग समोरच्या संघाला २४ सेकंदांत शॉट मारावाच लागतो, आणि क्वार्टर संपायच्या आत चेंडू पुन्हा त्याच्याच संघाकडे येतो. प्रतिस्पर्ध्याच्या एका संधीच्या बदल्यात आपल्या दोन. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा क्वार्टरच्या शेवटच्या चाळीस सेकंदांत चेंडूकडे नाही, दोन्ही घड्याळांकडे बघा आणि गार्डने उगाच घाई केली असं वाटलं तर वजाबाकी करून पाहा.